मॅस्टोडॉनवर साधा बॉट कसा बनवायचा? पायथॉन थोडंफार येतं, स्वतःचा सर्व्हर नाही.

थोडंफार पायथॉन पुरेसं आहे. माझा बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट करणारं खातं, रोज सकाळी उजनी धरणातला पाणीसाठा टाकतो, कारण आम्हा सोलापूरकरांना उन्हाळ्यात पहिला प्रश्न तोच असतो, नळाला पाणी कधी आणि उजनीत किती. आकडा मी हातानेच एका फाइलमध्ये भरतो, स्क्रिप्ट फक्त वाक्य बनवून पोस्ट करते.

आधी सर्व्हर निवडा, आणि हे काम घाईत उरकू नका. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, पण एक कंपनी नाही, हजारो वेगवेगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, एकमेकांशी बोलतात (२०१८ पासून ते वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत स्टँडर्ड आहे) आणि त्यातले बरेचसे कुणीतरी पदरमोड करून किंवा लोकांच्या देणगीवर चालवतंय. खास बॉटसाठी बॉट्सइन डॉट स्पेस म्हणून एक सर्व्हर होता, तोही २०२४ च्या शेवटी बंद झाला. म्हणून सर्व्हरचे नियम वाचा, बॉट चालतो का हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ॲडमिनला सरळ मेसेज करा. दोन ओळींचं काम आहे, पण दुसऱ्याच्या घरात विचारूनच पाऊल टाकावं.

खातं उघडलं की प्रोफाइलमध्ये ‘हे खातं स्वयंचलित आहे’ या अर्थाचा पर्याय असतो, तो टिक कराच, आणि बॉट कोण चालवतं ते बायोमध्ये लिहा. मग सेटिंग्जमध्ये डेव्हलपमेंट, तिथे नवीन ॲप्लिकेशन, परवानगी फक्त पोस्ट लिहिण्यापुरती द्या. जो ॲक्सेस टोकन (स्क्रिप्टला खात्यातून पोस्ट करू देणारी गुप्त किल्ली) मिळतो तो पासवर्डसारखा जपा, कोडमध्ये लिहून गिटहबवर चढवू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

पायथॉनसाठी मॅस्टोडॉन डॉट पीवाय ही लायब्ररी आहे, टोकन आणि सर्व्हरचा पत्ता द्यायचा आणि पोस्टचं फंक्शन बोलवायचं, दहाएक ओळीत संपतं. पोस्टची मर्यादा साधारण ५०० अक्षरं. भाषा मराठी म्हणून सेट करा नाहीतर भाषेनुसार फिल्टर लावणाऱ्यांना तुमची पोस्ट दिसणारच नाही. रोजच्या पोस्ट ‘अनलिस्टेड’ ठेवा म्हणजे सगळ्यांच्या लोकल टाइमलाइनवर गर्दी होत नाही, फॉलो करणाऱ्यांना मात्र दिसतात. चाचणी घेताना व्हिजिबिलिटी ‘डायरेक्ट’ (फक्त मेन्शन केलेल्यांना दिसेल अशी) ठेवून बघा.

रोज आपोआप चालवायला क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी लिनक्समधली सोय) वापरा, घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटरसुद्धा चालतो, मुद्दाम सर्व्हर भाड्याने घ्यायची गरज नाही. भाड्याचा घेतलाच तर त्याचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असतं, आपल्या सकाळच्या नऊसाठी तिथे साडेतीन लिहावं लागतं.

खरा वेळ वाक्यावर घालवा. उजनीत एकूण पाणी ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, उपयुक्त साठ्यात न धरलेलं पाणी, उरलेलं उपयुक्त ५३ च्या वर, आणि टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं की आकडा वजा होतो, एकूण ५० टीएमसी पाणी असेल तर उजनी वजा साडेपंचवीस टक्क्यांच्या आसपास येते. नुसतं वजाचं चिन्ह टाकलं तर ती बारीक रेघ मोबाइलवर नजरेतून सुटते आणि वाचणाऱ्याला वाटतं धरण पाव भरलंय! म्हणून माझी स्क्रिप्ट शून्याखालच्या आकड्याआधी ‘वजा’ हा शब्द लिहिते, शेजारी एकूण टीएमसी देते आणि आकडा कुठल्या तारखेचा तेही सांगते. फाइलमध्ये आजची तारीख नसेल तर बॉट गप्प बसतो, कालचा आकडा आजचा म्हणून कधीच टाकत नाही. पाण्यावरनं शेतकऱ्याचं आवर्तन आणि शहराचं नियोजन ठरतं, तिथे शिळी माहिती देणं मला पटत नाही.

उत्तरं देणारा बॉट करायचा असेल तर कुणी मेन्शन केलं तरच बोलू द्या, आणि ज्यांच्या बायोमध्ये ‘नोबॉट’ हॅशटॅग आहे त्यांच्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या बॉटला तर उत्तर देऊच देऊ नका, दोघं एकमेकांना रात्रभर उत्तरं देत बसतील आणि भुर्दंड ॲडमिनला.

तुमचा बॉट नेमकं काय पोस्ट करणार ते कमेंटमध्ये सांगा, त्याप्रमाणे कोडचा सांगाडा लिहून देतो.