वाचक विचारतात : सोसायटीचा रस्ता, वीस टक्के आणि कांस

प्रश्न : ताई, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो, चाळीस घरांची सोसायटी आहे. आतला रस्ता पार उखडलाय. वॉर्ड ऑफिसात म्हणाले ७०-२०-१० मध्ये फाइल टाका. मीटिंग घेतली तर अर्धे मेंबर म्हणतात, वेरा, म्हणजे कॉर्पोरेशनचा टॅक्स, भरतो ना आपण, मग वरून वीस टक्के कशाला? मी सेक्रेटरी, दोन्हीकडून माझीच सुनावणी चाललीय.
(मांजलपूरहून एक सेक्रेटरी)

उत्तर : आधी हिशोब मांडा हो, भांडण नंतर. ७०-२०-१० ही खासगी सोसायट्यांसाठीची जनभागीदारी, गुजरात सरकारच्या स्वर्णिम जयंती शहरी विकास योजनेतली. ७० टक्के राज्य सरकार, २० टक्के तुम्ही, १० टक्के कॉर्पोरेशन. समजा एस्टिमेट दहा लाखांचं निघालं तर तुमचे दोन लाख, म्हणजे घरटी पाच हजार. वेरा भरतो हे खरंच आहे, पण आतला रस्ता सोसायटीचा खासगी, त्यामुळे तो मेन रोडसारखा आपोआप कॉर्पोरेशनच्या यादीत येत नाही, आणि हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, सांगितलं की आवाज जरा खाली येतो.

आणि बडोद्याला हे काही नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून राज्यात लायब्रऱ्या सुरू केल्या तेव्हा गावांसाठी पद्धत अशीच होती, गावाने जेवढी वर्गणी जमवली तेवढीच भर प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. तिथे गावाचा वाटा एक तृतीयांश होता, तुमच्याकडे तर एक पंचमांशच मागतायत. मीटिंगमध्ये सांगून बघा, जुनी मंडळी तरी ऐकतील.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. वीस टक्के भरले म्हणजे जनभागीदारी झाली असं बहुतेक सोसायट्या धरून चालतात आणि तिथेच फसतात. एस्टिमेट काढायला इंजिनिअर येईल तेव्हा तुमची दोनचार माणसं तिथे हजर पाहिजेत, नुसती चहा द्यायला नाही. विचारायचं की जुना थर खोदून काढणार की त्याच्यावरच नवीन टाकणार? कारण वरच्यावर थर चढत गेला की रस्ता ओट्याच्या वर जातो आणि पहिल्याच पावसात पाणी तुमच्या हॉलमध्ये, मग कितीही गुळगुळीत असला तरी काय करायचाय. ड्रेनेज, पाण्याची लाइन, गॅस, जे काय खोदायचंय ते आधी उरकून घ्या. पावसाच्या पाण्याची लाइन एस्टिमेटमध्ये नसेल तर तेव्हाच बोला, टेंडर निघाल्यावर कोणी ऐकत नाही. आणि काँक्रीट पडत असताना टेपने जाडी मोजा. कॉन्ट्रॅक्टर तोंड वाकडं करेल, करू दे. लागलंच तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कागद मागता येतातच, शिवाय कामाची पाहणी करता येते आणि मालाचे नमुनेसुद्धा घेता येतात. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं.

ज्या घरांना पाच हजार खरंच जड जातील त्यांचं मात्र मीटिंगमध्ये नाव घेऊ नका, हप्ते करून द्या.

प्रश्न : आम्ही वाडी भागात एका पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतल्या वस्तीत, भाड्याने राहतो. सोसायटी नाही, चेअरमन नाही, काही नाही. मग आमची भागीदारी कुठे?
(एक वाचक)

उत्तर : बरोबर बोट ठेवलंत. ७०-२०-१० सारख्या योजना ज्यांच्याकडे रजिस्टर सोसायटी आणि खिशात पैसे आहेत त्यांच्याच जास्त कामाला येतात, पोळी आणि चाळी बाहेर राहतात, मला हे अजिबात पटत नाही. तुमच्यासाठी रस्ता बजेटचा. आपल्याकडे १९ वॉर्ड आणि प्रत्येकात ४ असे ७६ नगरसेवक. आयुक्तांचं ड्राफ्ट बजेट स्थायी समितीकडे जायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, चौघांनाही एकच कागद द्या, एकच काम लिहा, पोळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, भाडेकरूंच्या पण. दहा कामं लिहिलीत तर एकही होत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिक वॉर्ड ऑफिसात कामं सुचवतात आणि त्यातली काही बजेटमध्ये येतात, इथेही तसं मागायला काय हरकत आहे?

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमचा तळमजला बुडाला. विश्वामित्री नदीचं काम सरकार करेल, त्यात आम्ही रहिवासी काय करणार?
(समा भागातून)

उत्तर : नदी खोल करणं तुमच्या हातात नाहीच, आणि मगरी असलेल्या नदीत तर कोणी उत्साहाने उतरूही नये. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी २६ फूट, तेव्हा हे काम मोठंच आहे. पण पाणी गल्लीत येतं ते बऱ्याचदा कांसांमधून, म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेणाऱ्या नाल्यांमधून, भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. कुठे कचऱ्याने बुजलीय, कुठे भिंत घालून अरुंद केलीय, कुठे वरून स्लॅब टाकलाय, हे शेजारी राहणाऱ्याला जेवढं माहीत असतं तेवढं ऑफिसातल्या नकाशाला नसतं. भिंतीवर २०२४ च्या पाण्याची खूण अजून असेल तर पेंटने पक्की करा, जमिनीपासून उंची मोजा, गल्लीतल्या सगळ्या घरांची मोजा. आधी पाणी कुठून शिरलं आणि किती वाजता, तेही लिहा. एवढा कागद घेऊन गेलात की इंजिनिअरला तुमच्याशी बोलावंच लागतं. प्री-मान्सून सफाईच्या आधी जा, एप्रिलपर्यंत. जूनमध्ये गेलात तर सगळे फोन उचलायलाच बसलेले असतात.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नगरसेवक पण आहेत, रोज खड्ड्याचे फोटो टाकतो. पुरे ना?
(अलकापुरीतून)

उत्तर : नाही. कॉर्पोरेशनला रीतसर तक्रार करून नंबर घ्या आणि तो नंबर ग्रुपवर टाका. फोटोवर अंगठा येतो, नंबरवर निदान उत्तर मागता येतं.