तपासणीच्या आधी दोन-दोन गोळ्या

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी ४८ वर्षांची, बार्शीजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. चार वर्षांपासून थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे. दिवाळीच्या गडबडीत बऱ्याच गोळ्या राहिल्या, म्हणून रक्त द्यायच्या आधी आठवडाभर रोज दोन-दोन घेऊन भरपाई केली. रिपोर्टमध्ये टीएसएच ११.२ आणि फ्री टी४ १.७ आलं. डॉक्टरांनी गोळी १०० ची केली. तीन आठवड्यांनी पुण्याला बहिणीकडे गेले, तिथे पुन्हा रक्त दिलं, तर टीएसएच ०.०८ आणि फ्री टी४ चक्क २९! भावजी म्हणतात, डोस फार झालाय, सरळ ५० वर या. मला तर उलट थंडी वाजते, पोट साफ होत नाही, शाळेतून आलं की आडवं व्हावंसं वाटतं. अंगावर जास्त जातं म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही आहे. पहिल्या रिपोर्टनंतर केसांसाठी एक गोळी सुरू केली, पार्लरमध्ये सुचवली होती. विसरायला नको म्हणून सगळ्या गोळ्या पहाटे साडेपाचला चहाबरोबर एकदमच घेते. नक्की कुठला रिपोर्ट खरा मानू?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून विचारते. वर्षभर दप्तर न उघडलेला मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री जागून आला, तर तुम्हाला कळत नाही का? थायरॉईडच्या रिपोर्टलाही ते कळतं. तुमच्या पहिल्या कागदावर नेमकं तेच उमटलंय.

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला मारलेली हाक. काम कमी होत असेल तर हाक मोठी, म्हणून आकडाही मोठा. पण ही हाक लगेच खाली येत नाही. गोळीचं औषध अंगातून निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, आणि टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे. फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉईडचं हार्मोन, मात्र परवा-काल काय पोटात गेलं ते सांगतं. त्यामुळे दिवाळीतल्या खाड्यांनी टीएसएच ११.२ वर नेलं आणि शेवटच्या आठवड्यातल्या दुप्पट गोळ्यांनी टी४ वरच्या कडेला टेकवलं. त्या दिवशी गोळी घेऊन मग रक्त दिलं असेल तर आणखी भर पडली, कारण गोळीनंतर दोन-तीन तासांत टी४ थोडं चढतंच. म्हणजे तो रिपोर्ट खोटा नाही. फक्त तो ७५ च्या डोसचा नसून तुमच्या दिवाळीचा आहे.

आता पुण्याचा कागद. आधी २९ ची धास्ती सोडा. पहिल्या लॅबने टी४ एका मापात दिलंय, दुसरीने दुसऱ्या. शेजारच्या रकान्यात पाहा : एकीकडे सर्वसाधारण मर्यादा ०.८ ते १.८ अशी असेल, दुसरीकडे १२ ते २२ च्या आसपास. पहिल्या मापात २९ म्हणजे साधारण सव्वादोन. थोडं जास्त, पण १.७ वरून २९ अशी झेप नाही.

मला खटकलं ते टीएसएच. रोजच्या डोसमध्ये २५ मायक्रोग्रॅमची भर, तीही चहा, लोह आणि कॅल्शियमच्या संगतीत गिळलेली, आणि तीन आठवड्यांत ११.२ वरून ०.०८? शरीर असं धावत नाही. शिवाय डोस खरंच फार झाला असता तर छातीत धडधड, हातांना कंप, घाम, पोट सैल असं काही लिहिलं असतंत. तुम्ही तर थंडी आणि बद्धकोष्ठ लिहिलंय.

माझा संशय केसांच्या गोळीवर आहे. तिच्या पाकिटावर बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) किती लिहिलंय ते बघा. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, आणि केस-नखांच्या गोळ्यांत बऱ्याचदा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. काही लॅबची यंत्रं रक्तातलं टीएसएच पकडायला बायोटिनचाच चिकटा वापरतात. रक्तात ते मुबलक फिरत असलं की यंत्र फसतं : टीएसएच खोटं कमी दिसतं, टी४ खोटं जास्त. अगदी तुमच्यासारखं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१७ मध्ये बायोटिनमुळे तपासण्या चुकतात असा इशारा दिला होता. सगळी यंत्रं अशी नसतात, त्यामुळे तेच रक्त दुसऱ्या लॅबमध्ये वेगळं बोलू शकतं.

गंमत बघा (तुम्हाला ती वाटणार नाही). थायरॉईड मंद असलं की केस गळतात आणि अंगावर जास्त जातं. केसांसाठी घेतलेल्या गोळीने तपासणी बिघडवली, रक्तस्रावासाठीच्या लोहाने थायरॉईडची गोळी आतड्यातच अडवली. आजाराने स्वतःच्याच उपचाराची वाट अडवून ठेवली.

मी कुणाला हसत नाही. मिरजेत दवाखाना नवीन असताना एका बाईंचा डोस मी केवळ कागद बघून ५० वरून १२५ पर्यंत नेला होता. एकदा त्यांच्या पिशवीतून गोळ्यांची बाटली टेबलावर घरंगळली. उगीच ओतून मोजली. शंभराची बाटली, उघडून ४२ दिवस झालेले, ५८ उरायला हव्या होत्या. होत्या ७१. आणि बाटली राहायची गॅसच्या ओट्याशेजारच्या फळीवर, वाफेत. तेव्हापासून माझ्याकडे येताना रिपोर्ट नंतर, बाटली आधी.

तर ५० वर येऊ नका. भावजींना नमस्कार सांगा. दोन्ही कागद, केसांच्या गोळीचं पाकीट आणि दिवाळीतला खाडा हे सगळं तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा. दोन-दोन गोळ्यांची गोष्ट तुम्ही त्यांना सांगितली नसणार, असा माझा अंदाज आहे. त्यांनी १०० ची केली ती तुम्ही ७५ नीट घेताय असं धरून. ते कदाचित पुन्हा ७५ वर आणतील, कदाचित १०० च ठेवतील, ठरवायचं त्यांनी.

गोळी पहाटे पाचला साध्या पाण्याबरोबर, चहा साडेपाच-पावणेसहाला. लोह शाळेतून आल्यावर जेवताना, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. दोन्हींत आणि थायरॉईडच्या गोळीत किमान चार तास हवेत. एखाद दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, आठवड्याची भरपाई नको. आणि हो, चतुर्थीला पाणी चालतं, तसं गोळीही चालते. गोळीने उपास मोडत नाही.

असे ६ ते ८ आठवडे गेल्यावर एकाच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घेण्याआधी रक्त द्या. केसांची गोळी त्याआधी किमान तीन दिवस बंद. मला विचाराल तर कायमचीच बंद. मध्येच छातीत धडधड, धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर मात्र या दिवसांची वाट न पाहता लगेच दाखवा. आणि सगळं नीट पाळूनही आकडे असेच भांडत राहिले, तर मग पिट्युटरी, रक्तातली प्रतिद्रव्यं वगैरे दुर्मीळ कारणं शोधायला हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जायचं.

रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची गोळी पर्समध्ये न्या. सुई निघाली की तिथेच पाण्याबरोबर घ्या, म्हणजे तीही राहायची नाही.