घरच्यांना आणि मित्रांना मुक्त बाजाराचा विचार कसा पटवावा?

तुम्ही लिहिलंय की वाचून वाचून तुम्हाला हा विचार पटला, पण घरी विषय काढला की भांडण होतं आणि मित्र ‘भांडवलदारांचा दलाल’ म्हणून मोकळे होतात. सुरुवात कुठून करू, असा प्रश्न आहे.

पुस्तकांपासून करू नका. १७७६ साली अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ काय म्हणाला यावरून आमच्याकडे कोणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही. तुमच्या घरात कोणाला स्वतःचा माल हवा तिथे विकू दिला नव्हता, ते शोधा. शेतीवाल्या घरात असं प्रकरण सापडतंच. आमच्या घरातलं सांगतो, कारण ते अजून मिटलेलं नाही.

मी आता नागपुरात असतो, पण गाव नरखेड तालुक्यात. मध्य प्रदेशची हद्द जवळ. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी सेंटरलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. बाबांची बंडी सेंटरवर रांगेत लागायची. रांग हलेपर्यंत बैलांचं कुटार घरून न्यायचं. मग ग्रेडर यायचा, बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस उपसायचा, चिमटीत ओढून पाहायचा आणि ‘ओला आहे’, ‘कवडी आहे’ म्हणत ग्रेड खाली आणायचा. पटलं नाही तर बंडी परत न्या. पण नेणार कुठे? चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा, सावकाराचं व्याज मात्र थांबत नव्हतं. उरलेला कापूस घरातच, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत. आम्ही पोरं त्यावर झोपायचो आणि सकाळी अंग खाजवत उठायचो.

पांढुर्ण्याचा व्यापारी रोख मोजायचा. तिकडे भाव चढला की बाबा रात्री बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून बंडी जुंपायचे. आणि त्याच वावरात, धुऱ्याच्या पलीकडे, आमची संत्र्याची बाग होती. त्या संत्र्यांचा ट्रक हद्द ओलांडून भरदिवसा दिल्लीला जायचा, कोणी हटकत नव्हतं. शेतकरी तोच, जमीन तीच; संत्रा विकला तर बागायतदार आणि कापूस विकला तर तस्कर!

हा ‘तस्कर’ शब्द आमचे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आजही वापरतात. ते सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, पेन्शन महिन्याच्या महिन्याला. बाबांच्या सदऱ्यावर शेतमालाला खुला बाजार मागणाऱ्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा, त्यावरूनही ते टोमणे मारत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा ऐकली की हसत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा घरच्या ग्रुपवर ‘उशिरा का होईना, योग्य निर्णय’ हा मेसेज त्यांचाच. पुढच्या महालक्ष्म्यांच्या जेवणात मी तो विषय काढला. म्हटलं, बाजारात भाव पडला तेव्हा शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही, चढला तर लगेच बंदी? ते आंबील वाढून घेत म्हणाले, “मंग तुहा बाप रातीच काऊन जाये रे? खरा होता त दिवसा जायचं होतं.”

“दिवसा नाक्यावर तुमचं सरकार बसलं होतं म्हणून,” मी म्हणालो. माझा आवाज चढला, बायकोनं डोळे वटारले. मोठे बाबांचं मत तसूभर हललं नाही, हलणारही नाही. पण चुलत बहिणीची मुलगी, बी.कॉमला आहे, तिनं मधेच विचारलं, “पण आबा, कापूस तर आपलाच होता ना?” ते म्हणाले, कायदा होता. तिनं विचारलं, का होता? त्यावर त्यांनी पुरण मागितलं.

म्हणून सांगतो, जो वाद घालतोय त्याला पटवायला जाऊ नका. शेजारी बसून गुपचूप ऐकणारं कोणीतरी असतं, त्याच्यासाठी बोला. आणि ज्याचं उत्पन्न दर महिन्याला ठरलेलं आहे, त्याला भाव म्हणजे फक्त महागाई वाटते. त्याच्यावर वेळ घालवू नका. (हे सगळ्या पेन्शनरांना लागू नाही, माझे सासरेही पेन्शनर आहेत आणि ते माझ्या बाजूचे आहेत.)

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पहिल्याच वादात तोंडघशी पडाल. व्यापारी काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. काटा मारणं आमच्या लोकांनी भोगलंय, एकाधिकार आला तो त्याच रागातून. ज्या वर्षी बाहेर भाव पडायचा, त्या वर्षी सरकारी भाव परवडायचा आणि मध्य प्रदेशातला कापूस उलट आपल्याकडे यायचा. तोटा राज्याच्या तिजोरीला. मोठे बाबांचा खरा हुकमी प्रश्न वेगळाच आहे: एकाधिकार गेला, मग शेतकरी का मेला? याला एका वाक्यात उत्तर नाही. मी एवढंच म्हणतो की बाजार अर्धवटच खुला झाला. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका फटक्यात थांबवली होती. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, पण तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला अजून नाही. शेतकरी ते चोरूनच लावतो. ज्या घरात आत्महत्या झाली आहे तिथे मात्र यातलं काहीही बोलू नका. गप्प बसा.

मित्रांचं राहिलंच. त्यांना कापसाचं काही पडलेलं नसतं. माझा एक मित्र सीताबर्डीवर दुकान चालवतो. टॅक्स कमी करा, इन्स्पेक्टर हटवा, सरकारनं धंद्यात पडू नये, हे सगळं त्याला पाठ आहे. मात्र दुकानासमोरचे फेरीवाले उठवायला त्याला महापालिका हवी असते. फेरीवाल्यांना संरक्षण देणाऱ्या २०१४ च्या कायद्याचा विषय काढला की तो चिडतो. स्पर्धा त्याला दुसऱ्याच्याच धंद्यात आवडते. असले मित्र तुम्हालाही असतीलच. त्यांच्याशी बोलण्याआधी फेरीवाल्यांबद्दल आपलं स्वतःचं मत काय ते ठरवून जा, कारण समोरचा सगळ्यात आधी तेच विचारेल.