वैद्यकीय गरज नसताना काही गरोदर स्त्रिया सिझेरियन का निवडतात?

सगळ्यात मोठं कारण भीती. कळांची, टाके पडण्याची, बाळाला काही होईल याची. ही भीती टोकाला गेली की तिला टोकोफोबिया म्हणतात. पहिलं बाळंतपण वाईट गेलेल्या बाईला तर "नॉर्मलच कर" हा सल्ला ऐकवतही नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. अशा वेळी समुपदेशन आणि एपिड्युरलची (कळांच्या वेदना कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची) खात्री मिळाली, तर काहीजणी निर्णय बदलतात.

काहींना पुढे लघवीवरचा ताबा सुटण्याची धास्ती असते. सिझेरियनने तो धोका थोडा कमी होतो, पण जात नाही. गरोदरपणाचाच ताण तिथल्या स्नायूंवर आलेला असतो. ठरलेली तारीख हवी असणं हेही कारण, पण त्यावरून बायकांना "आळशी" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पोट उघडणारी शस्त्रक्रिया आहे ती, सोपी वाट नव्हे!

एक गोष्ट मात्र आधीच विचारात घ्या: आणखी मुलं हवी आहेत का? दर सिझेरियननंतर पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) गर्भाशयावरच्या जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. आणि कारण नसेल तर 39 आठवडे भरण्याआधी तारीख घेऊ नका, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो.