'अनवधानाने' हा शब्द कोणाचा?

रामबाग, इंदूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. परवा तू उठून गेलास आणि बशीत अर्धे पोहे तसेच राहिले. इंदूरचा मुलगा शेव-जिरावन घातलेले पोहे टाकून उठतो, म्हणजे प्रकरण डोक्यात फारच घुसलेलं असणार. मी ओरडले आणि सांगायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र.

आधी ओरडण्याचं. तुझ्या कंपनीत जिनं साहेबांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, तिचं नाव तू घेतलंस. माझ्या ओटीवर, दार उघडं, बाहेर दूधवाला उभा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं कलम १६ तुम्हा एच.आर.वाल्यांना प्रशिक्षणात शिकवतात ना? तिचं नाव, त्याचं नाव, काय घडलं, चौकशीत काय चाललंय, यातलं काहीही बाहेर काढायचं नाही. पाच हजारांचा दंड आहे. दंड जाऊ दे. पीथमपूरला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसमध्ये आपल्याच गल्लीतली चार पोरं असतात. मी ते नाव विसरले असं समज. या पत्रात ते येणार नाही, तिनं काय सांगितलं तेही येणार नाही. तिच्या म्हणण्याचा तू जो मसुदा केलास, त्यातला एकच शब्द येईल, कारण तो तिचा नाहीच.

अनवधानाने.

तू तो इंग्रजीत टाइप केला होतास. मी विचारलं, ती असं म्हणाली? तर तू म्हणालास, "काकू, ती आठवी शिकलेली, पॅकिंगला आहे. ती कुठून असं म्हणणार? ऑफिशियल भाषेत आणावं लागतं ना." इथंच तुमचं घोडं पेंड खातं. तिनं सांगितलं माळव्याच्या हिंदीत, तू ऐकलंस मराठी कानांनी आणि उतरवलंस इंग्रजीत. या सगळ्या उड्यांमध्ये काय काय सांडलं ते पाहिलंस का? हात लागला आणि हात लावला, यांत एका अक्षराचा फरक आहे. अख्खी चौकशी त्या एका अक्षरावर उभी असते. ते अक्षर कोणतं, हे ठरवायला कंपनीची तक्रार समिती बसली आहे आणि तू की-बोर्डवरच निकाल देऊन टाकलास.

तिचा शब्द बदलू नकोस. बाकी तुला काही जमलं नाही तरी मी तुला बोल लावणार नाही.

आणि 'ऑफिशियल भाषा' म्हणून जे सांगतोस, तसं कायद्यात काही नाही. बाईला तक्रार लिहून देता येत नसेल तर समितीच्या अध्यक्षा किंवा सदस्यांनी तिला लिहायला मदत करायची, एवढं कलम ९ मध्ये आहे. मदत म्हणजे तिचं म्हणणं कागदावर आणणं. त्याला इस्त्री करणं नव्हे.

तुला वाटतं मी शब्दांचा कीस काढते. बरं, एक जुनी गोष्ट घे. १९८८ साली रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी बाईंनी पंजाबचे तेव्हाचे पोलीस प्रमुख के. पी. एस. गिल यांच्याविरुद्ध तक्रार केली. चंदीगढच्या एका मेजवानीतली घटना. उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये गुन्हाच रद्द करून टाकला. आधार काय, तर दंडसंहितेचं कलम ९५, म्हणजे इतकी किरकोळ इजा की समंजस माणूस तिची तक्रारच करणार नाही. किरकोळ! १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उलटवलं, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एक 'किरकोळ' पुसायला एवढी वर्षं गेली. आणि ही बाई वरिष्ठ सनदी अधिकारी होती. तुमच्या पॅकिंगमधलीला पहिल्या पानावर 'अनवधानाने' चिकटलं, तर ते खरवडून काढणार कोण?

आता माझं. तुझ्या आईलाही हे माहीत नाही.

२००३ साल. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध समित्या नेमायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाला सहा वर्षं झाली होती, कायदा यायला अजून दहा होती. आमच्या ऑफिसात समिती होती, म्हणजे नोटीस बोर्डावर होती. मला त्यात घेतलं कारण नियमाप्रमाणे निम्म्या बायका हव्या होत्या, आणि मला लघुलिपी येत होती. तक्रार करणारी मुलगी बावीस-तेवीसची. एकदाच बोलली, टेबलाकडे बघत. म्हणाली, "सर मागून येऊन खुर्चीला टेकतात आणि कानाशी तोंड आणून बोलतात. मग मी पेन खाली पाडते. उचलायला वाकले की ते सरकतात. रोज तीन-चारदा पाडते."

माझ्या वहीत हे सगळं पेन्सिलीनं उतरलेलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे, कपाटात साड्यांखाली. टाइप करून जे इतिवृत्त मी दिलं त्यात मात्र पेन नाही. त्यात असं आहे की, 'बसण्याच्या व्यवस्थेवरून उभयतांमध्ये गैरसमज झाला होता, तो दूर करण्यात आला.' तिची जागा बदलली. त्याची नाही. दोन महिन्यांत तिनं राजीनामा दिला.

तू म्हणशील, काकू, तुम्ही? हो, मी. घरात सासऱ्यांची गिरणी बंद पडून बारा वर्षं झालेली, देणी अडकलेली, यांच्या दुकानाचा भरवसा नाही, महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार फक्त माझा. मोठ्या साहेबांनी मला बोलावून फक्त एवढंच म्हटलं, "जरा नीट भाषेत लिहा." 'खोटं लिहा' असं ते म्हणालेच नाहीत, तसं कुणी म्हणत नाही. नीट भाषेत लिहा, एवढंच म्हणतात. मी मनाला समजावलं की मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील. वीस वर्षं हे वाक्य घोकते आहे आणि दर वेळी एका ठिकाणी अडखळते: ऑफिसात दुसऱ्या कुणाला लघुलिपी येतच नव्हती.

मागे ती मला राजवाड्यासमोर भेटली. बरोबर मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. नमस्कार केला, घरचं विचारलं, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मॅडम, तेव्हा त्या कागदात काय लिहिलं होतं हो? मला कुणी दाखवलाच नाही." मी म्हटलं, आठवत नाही गं.

त्यानंतर मी हेकट झाले असं लोक म्हणतात. म्हणोत. २०१३ चा कायदा आल्यावर पुन्हा समितीत होते, तेव्हा एका अहवालातल्या एका ओळीसाठी दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत सही अडवून बसले. बढतीची यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. कारण तेच होतं की नाही, देव जाणे. मला तेच वाटतं, आणि वाटायला बरंही वाटतं, हेही कबूल करते.

आता तुझ्या साहेबांकडे येऊ. माणूस चांगला आहे, त्यांनी तुला नोकरी दिली, प्लांट त्यांच्या जिवावर चालतो, सगळं खरं असेल. मग त्यांचेही शब्द बदलू नकोस. ते जे म्हणतील ते जसंच्या तसं घे. तक्रारीची प्रत त्यांना सात कामकाजी दिवसांत मिळायला हवी आणि उत्तराला दहा, हे पाळ. त्यांना उलटे प्रश्न विचारू देत, साक्षीदार आणू देत. तू विचारलंस, तक्रार खोटी निघाली तर? कलम १४ वाच. सिद्ध न होणं म्हणजे खोटी असणं नव्हे, हे त्यात स्पष्ट आहे. आणि ते खरंच निर्दोष असतील, तर तुझ्या 'अनवधानाने'चा त्यांना तरी काय उपयोग? उद्या कुणीही म्हणेल, एच.आर.च्या पोरानं साहेबांना सांभाळून घेतलं.

'समजुतीनं मिटवा' म्हणाले ना ते? समेटाची सोय आहे, पण ती मागायची तिनं, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांची देवाणघेवाण त्यात चालत नाही. तिनं मागितला आहे का? नाही ना? मग तो विषय संपला. दुसरं, 'तिला दुसऱ्या शिफ्टला टाकू' हे मला अजिबात आवडलेलं नाही. चौकशी चालू असताना दोघांपैकी कुणाचीही बदली करता येते, पण ती तिच्या लेखी विनंतीवर. शिवाय तिच्या कामाचं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून घेता येतं. हे कुणी सुचवलंच नाही ना? जागा बदलते ती नेहमी बाईचीच. मीच तर बदलली होती.

राहिला तुमचा वार्षिक अहवाल. 'यंदाही शून्य दाखवायचं आहे' हे सांगताना तू हसलास, मला हसू आलं नाही. २०२५ पासून कंपन्यांच्या संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती नव्वद दिवसांहून जास्त रखडल्या, हे आकडे द्यावे लागतात. शेकडो बायका तीन पाळ्यांत काम करतात तिथं वर्षानुवर्षं शून्य असेल, तर मला त्यात सुरक्षितता दिसत नाही. मला त्यात माझ्यासारखी कुणीतरी नीट भाषेत लिहिणारी दिसते. कंपनीची जबाबदारी, कंपनीची जबाबदारी म्हणून भाषणं होतात. कंपनी कधी टाइप करायला बसते का रे? बसतोस तू.

सोमवारी जा आणि तो मसुदा टाकून दे. तिच्या बोलण्याची हिंदी नोंद तुझ्याकडे आहे, असं तूच म्हणालास. ती मूळ म्हणून फाइलला लाव, इंग्रजी भाषांतर हवंच असेल तर शेजारी जोड आणि वर 'भाषांतर' असं लिही. साहेब विचारतील, एवढं कशाला? सांग, नियम आहे. खरं तर असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण मी तेरा वर्षं तो नियम म्हणूनच सांगितला आणि एकानंही पुस्तक उघडून बघितलं नाही.

मग अध्यक्षाबाईंसमोर तिला बसवून तिच्याच बोलीत सगळं वाचून दाखव. हळू वाच, घाई तुला फार असते. मध्येच ती म्हणाली, "ये मैंने ऐसे नहीं बोला था," तर मान वर करून समजूत घालायला जाऊ नकोस. तिथंच खोड, शेजारी तिची सही घे, आणि पुढची ओळ वाच.

तुझी,
काकू