आवाज आधीचा, टायर नंतरचा

प्रश्न : मॅडम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टॉवेलची फर्म आहे, आम्ही दोघे भाऊ भागीदार. 2023 च्या दसऱ्याला फर्मच्या नावावर ऑल व्हील ड्राइव्हची छोटी एसयूव्ही घेतली, ऑन रोड 19 लाखांना. मंगळवेढ्याकडे शेती आहे, पावसात त्या काळ्या रानात साधी गाडी रुतते, म्हणून मुद्दाम ही घेतली. 9,800 किलोमीटरला पहिल्यांदा सांगितलं की वळताना मागून गुरगुर आवाज येतो आणि ऑल व्हील ड्राइव्हचा दिवा लागतो. दर सर्व्हिसिंगला हेच सांगतोय, दर वेळी ‘नॉर्मल आहे’. 22,400 ला पाकणीजवळ पुढच्या डाव्या टायरला कट लागला. तोच पॅटर्न मिळाला नाही, त्याच मापाचा दुसरा एकच टायर टाकला. आता 31,000 ला मागचं कपलिंग गेलं. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, अजून पाच महिने बाकी. वर्कशॉपवाले तोंडी म्हणतात, टायर वेगळा टाकला म्हणजे वॉरंटी संपली, 2 लाख 40 हजार भरा, नाहीतर शनिवारपर्यंत गाडी न्या, पुढे पार्किंगचे पैसे लागतील. नवीन गाडी मागता येईल का? भाऊ म्हणतो, शोरूम पुण्याचं, केस पुण्याला करावी लागेल, नाद सोड.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाद सोडू नका. पण नवीन गाडीची मागणी मात्र मागे ठेवा. ती पुढे केलीत तर हातातली केस सैल होईल.

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत, 9,800 आणि 22,400. आवाज पहिल्या आकड्याला सुरू झाला, टायर दुसऱ्या आकड्याला बदलला. जो टायर तेव्हा गाडीत नव्हताच, त्याच्यामुळे हा आवाज कसा येईल? वर्कशॉपला याचं उत्तर द्यावं लागेल आणि तुमची सगळी केस या एका प्रश्नावर उभी आहे. त्यामुळे आज रात्रीच घरातली सगळी जॉब कार्डं, म्हणजे दर सर्व्हिसिंगला वर्कशॉपने तक्रार आणि काम लिहून दिलेले कागद, काढून तारखेप्रमाणे लावा. 9,800 च्या कार्डावर तुमची तक्रार लिहिली आहे का, हे आधी बघा. सर्व्हिस ॲडव्हायझर बहुतेक वेळा ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहितो, गिऱ्हाईक घाईत सही करतं आणि बिलाखाली ‘कामाने समाधानी’ असं छापलेलं असतं. तसं झालं असेल तर त्या काळातले व्हॉट्सॲप मेसेज, फोनमधला आवाजाचा व्हिडिओ, सर्व्हिसनंतर आलेल्या फीडबॅकच्या फोनला तुम्ही दिलेलं उत्तर, काहीही शोधा. व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या. एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला की त्याची मूळ तारीख दाखवणं अवघड होतं.

आता समोरच्याचं म्हणणं. ते अगदीच पोकळ नाही, म्हणून नीट समजून घ्या. तुमच्यासारख्या गाडीत एरवी ताकद पुढच्या चाकांना जाते. चाकं घसरायला लागली की मागचं कपलिंग आवळतं आणि मागच्या चाकांनाही ताकद देतं. चारही टायर सारखे झिजलेले नसले तर पुढची-मागची चाकं सरळ रस्त्यावरसुद्धा वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि कपलिंग विनाकारण घासत राहतं. म्हणूनच अशा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच प्रकारचे ठेवा असं सांगितलेलं असतं. तुमचं मॅन्युअल काढून ते पान वाचा. वकील म्हणून मला ते पान आधी माहीत असलेलं बरं, समोरच्याने ग्राहक आयोगात वाचून दाखवलं तर उशीर झालेला असेल.

पण किती फरकाने किती घासतं, हे त्यांनी मोजलंय का? या वर्गात चालणारं 215/60 आर 17 हे माप धरू. नव्या टायरचा व्यास सुमारे 690 मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला साधारण 460 फेऱ्या. जुना टायर नव्यापेक्षा 3 मिलिमीटर झिजलेला असेल तर व्यासात 6 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे किलोमीटरमागे चारेक फेऱ्यांचा. त्यातही तुमचा नवा टायर पुढे, एकाच बाजूला आहे. पुढच्या दोन चाकांतला फरक पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) सामावून घेतं आणि मागे जाणाऱ्या शाफ्टपर्यंत त्याचा साधारण निम्माच पोचतो. तेवढ्याने 8,600 किलोमीटरमध्ये कपलिंग जळतं का, हे तज्ज्ञाने सांगायचं. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडी निर्णयाने ते ठरत नाही. म्हणून गाडी हलवायच्या आधी कुठल्याही टायरवाल्याला वर्कशॉपमध्ये नेऊन चारही टायरची खोली मिलिमीटरमध्ये मोजून घ्या आणि तारीख-किलोमीटरसह त्याच्या बिलावर लिहून घ्या. बदललेल्या टायरचं मूळ बिलही जपा.

अपवादाचा आधार घेऊन वॉरंटी नाकारणाऱ्यानेच तो अपवाद लागू होतो हे दाखवावं, अशी आपली भूमिका राहील. तिला एक जुना आधार आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींवर दंड केला होता. त्या आदेशात आयोगाने बजावलं होतं की गिऱ्हाईक बाहेरच्या मेकॅनिककडे गेलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या बाहेरच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतंच हात झटकता येतील. पुढे त्यावर अपिलं झाली, शिवाय तो प्रश्न स्पर्धा कायद्याचा होता. म्हणून त्याला हुकमाचा पत्ता समजू नका. पण नुकसान आणि कारण यांची सांगड घातल्याशिवाय वॉरंटी नाकारू नये, हा विचार आपल्या कामाचा आहे.

नवीन गाडीबद्दल. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल, तर गिऱ्हाइकाला तेवढंच मागता येतं, अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गाडी मुळातच सदोष होती हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण 31,000 किलोमीटर चाललेल्या गाडीबाबत ते जड जाईल. कपलिंग फुकट बदलून मिळावं, त्या नव्या पार्टवर वॉरंटी मिळावी, गाडी उभी राहिलेल्या दिवसांचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि केसचा खर्च मिळावा, एवढंच मागा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’च्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या, प्रकरणाचं नाव कुणी तुमच्या कानावर घातलं तर सोडून द्या. वस्तूचं स्वतःचं नुकसान त्या व्याख्येत बसत नाही. विम्याचंही तसंच, नेहमीच्या पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड धरलेला नसतो.

भावाला सांगा, पुण्याला जायची गरज नाही. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडीची किंमत 50 लाखांच्या आत आहे, म्हणजे सोलापूरचाच जिल्हा आयोग. फी 400 रुपये. तक्रार ऑनलाइनही भरता येते. शोरूम आणि गाडी बनवणारी कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. गाडी शोरूमने विकली, वॉरंटी कंपनीची. एकालाच धरलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

फर्मच्या नावावरून मात्र पहिला हल्ला होणार. ‘गाडी व्यापारी कामासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत’, असं समोरचा लिहून देईल. घाबरू नका. भागीदारी फर्म या कायद्यात ‘व्यक्ती’ धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या श्रीराम चिट्स निकालाप्रमाणे व्यापारी उद्देश सिद्ध करण्याची जबाबदारी ते म्हणणाऱ्यावर आहे. त्याच वर्षी डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात, कंपनीने संचालकांच्या वापरासाठी घेतलेली कार व्यापारी उद्देशाची ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. तुमची गाडी टॉवेलचे गठ्ठे वाहत नाही, भाड्याने फिरत नाही, घरची माणसं आणि शेताची वाट एवढाच तिचा वापर. हे दोघा भावांनी प्रतिज्ञापत्रावर खरं खरं लिहा. फर्मने आयकरात गाडीवर घसारा, म्हणजे दरवर्षी घटणारी किंमत धंद्याचा खर्च म्हणून, दाखवला असेल तर तो लपवू नका, समोरचा मागवून घेईलच.

मुदत दोन वर्षांची आहे, ती वाद जन्मल्यापासून मोजतात. वॉरंटी आत्ता नाकारली, तिथून मोजायची असं आपण म्हणू. पण दोष 9,800 लाच दिसला होता असं म्हणून समोरचा मागे ओढेल. जी तारीख आपल्याला जिंकून देते, तीच मुदतीत अडचण करू शकते. म्हणून दिवाळीनंतर बघू असं करू नका. शोरूम आणि कंपनी दोघांना नोटीस पोचपावतीसह आणि ईमेलनेही द्या, पंधरा दिवस थांबा आणि तक्रार भरा. दरम्यान 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, कधी कधी कंपनी तिथेच नमतं घेते.

आता शनिवारचं. वॉरंटी का नाकारली हे कंपनीच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर लेखी मागा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड स्कॅनरवर काढून त्याची प्रिंट मागा आणि ती हातात पडेपर्यंत कोड पुसू नका, सॉफ्टवेअर अपडेट करू नका, असं लिहून द्या. कपलिंग खोललं असेल तर फोटो काढा. आयोगाकडे तक्रारीबरोबरच कलम 38 खाली अर्ज करू, की पार्ट आहे तसा राहू द्यावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा.

गाडीवाचून अडत असेल आणि पैसे भरूनच ती सोडवावी लागणार असेल, तर बिलावर आणि जॉब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा : ‘वॉरंटीचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरत आहे. जुना पार्ट मला परत हवा.’ खाली सही, तारीख, किलोमीटर. जुनं कपलिंग पोत्यात बांधा, दोन साक्षीदारांच्या सहीची चिठ्ठी लावून सील करा आणि फर्मच्या गोदामात ठेवा. तो पार्ट भंगारात गेला तर तज्ज्ञाला तपासायला काहीच उरत नाही. ‘कामाने समाधानी’ या ओळीवर काट मारा, मगच सही करा. पार्किंगचे पैसे मागितले तर रोजचा दर आणि तो कुठल्या अटीखाली लावला, ते लेखी घ्या. वॉरंटीचा वाद चालू असताना गाडी तिथे तुमच्या हौसेने उभी नाही, हे त्याच ईमेलमध्ये कळवा.

सोमवारी येताना जॉब कार्डं, टायरचं बिल, मॅन्युअल, वॉरंटीची पुस्तिका आणि भागीदारीपत्र आणा. भावालाही आणा, तक्रारीवर सही कुणी करायची ते तिथेच ठरवू.