‘मुस्तफा’ गेम: मूळ कॉमिक, आणि आज खेळायचा झाल्यास

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला जाणारा गेम खरोखर एखाद्या कॉमिकवरून घेतला आहे का, आणि लहानपणी तो न खेळलेल्या माणसाला आज तो आवडेल का. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुसऱ्या उत्तराला मात्र एक अट आहे.

गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमधल्या नाणे टाकून खेळायच्या मशीनसाठी, काढला. त्याचा आधार म्हणजे मार्क शुल्त्झ यांची ‘झेनोझोइक टेल्स’ ही कृष्णधवल कॉमिक मालिका, जिचा पहिला अंक १९८७ मध्ये निघाला. भयंकर उत्पातानंतर काही शतके जमिनीखाली काढलेली माणसे वर येतात, तेव्हा पृथ्वीवर पुन्हा डायनासॉर वावरत असतात. जॅक टेन्रेक हा मेकॅनिक जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करतो आणि पेट्रोल उरलेले नसल्यामुळे त्या डायनासॉरच्या विष्ठेवर चालवतो. हॅना डंडी ही दुसऱ्या टोळीची राजदूत त्याच्यासोबत असते. मुस्तफा कैरो हा जॅकचा सहकारी, म्हणजे कॉमिकमध्ये दुय्यम पात्र.

आपल्याकडे गेमच त्याच्या नावाने ओळखला गेला, याचे कारण मला गेमच्या रचनेत दिसते. चार पात्रांपैकी तो सर्वांत चपळ आहे. स्टिक पुढे दोनदा झटकून धावत जाऊन मारलेली त्याची लाथ समोरच्या घोळक्याला एकदम आडवे करते, आणि मागचे गुंड पोहोचेपर्यंत आपण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. एका नाण्यावर जास्तीत जास्त वेळ टिकायचे असेल, तर याहून चांगली निवड नव्हती. आमच्या एस.टी. स्टँडसमोरच्या पार्लरमध्ये पिवळ्या टोपीवाला मुस्तफा कोण घेणार, यावरून नाणे टाकण्याआधीच वाद व्हायचे.

रूपांतर म्हणून हा गेम मला मनापासून आवडतो, तो मुख्यतः डायनासॉरांमुळे. माणसाने निसर्गाचा तोल पुन्हा बिघडवू नये, हा शुल्त्झ यांच्या कथांचा गाभा आहे, आणि मारामारीच्या गेममध्ये असा विचार टिकणे अवघड असते. येथे तो टिकला आहे. आपले शत्रू आहेत ते डायनासॉरांची शिकार करणारे तस्कर. डायनासॉर स्वतः बहुतेक वेळा शांत असतात. त्यांना फटका बसला की त्यांचा रंग बदलतो, आणि मग समोर आपण आहोत की गुंड, हे ते पाहत नाहीत. त्यामुळे गर्दीत दिसेल त्याच्यावर हात चालवणारा खेळाडू स्वतःवर संकट ओढवून घेतो, तर थोडे बाजूला सरकून पिसाळलेला प्राणी आणि गुंड यांची एकमेकांत गाठ घालून देणाऱ्याचे निम्मे काम आपोआप होते. कथेचा आशय संवादातून न सांगता नियमातून खेळाडूच्या अंगवळणी पाडण्याचे इतके चांगले उदाहरण त्या काळातल्या, दुसऱ्याच्या कथेचे हक्क घेऊन केलेल्या गेममध्ये मी क्वचितच पाहिले आहे.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष कॅडिलॅक चालवायला मिळते. तो भाग लहान आहे, पण झकास आहे. बंदुका आणि बॉम्ब भरपूर असल्यामुळे अगदी लहान मुलांना खेळायला देण्याआधी आपण एकदा पाहून घ्यावा.

दोष उत्तरार्धात आहे. तिथले बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारे मोठे शत्रू, नाणी खाण्यासाठीच रचलेले आहेत, आणि कौशल्यापेक्षा पुन्हा उभे राहण्याची तयारी अधिक लागते. म्हणूनच माझी अट अशी की नाण्यांची मर्यादा आधी ठरवून घ्यावी. अमर्याद नाण्यांवर आठही टप्पे एका बैठकीत उरकतात, आणि कोणत्याही चुकीची किंमत मोजावी लागत नसल्यामुळे हाती काहीच लागत नाही. तिघांनी मिळून पाच-पाच नाण्यांत खेळून पाहा. दोन बटणे एकत्र दाबून मारायच्या खास फटक्यात आपलीच शक्ती खर्च होते, हे तेव्हा खऱ्या अर्थाने जाणवते.

कॅपकॉमने हा गेम घरगुती कन्सोलवर आणला नाही, आणि २०१८ मध्ये त्यांनी अशा सात जुन्या गेमांचा संच काढला, त्यातही तो नव्हता. शुल्त्झ यांची निर्मिती आणि जनरल मोटर्सचे ‘कॅडिलॅक’ हे नाव, असे दोन्हीकडचे हक्क त्यात गुंतलेले असल्यामुळे ते घडणे सोपे नसावे, असा माझा अंदाज आहे. जुने मूळ मशीन कुठे चालू स्थितीत दिसले, तर मुस्तफाच घ्या. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी येणारा दोन पाती घेतलेला बुचर धावत आला की त्याच्या रेषेतून वर किंवा खाली सरका आणि तो पुढे निघून गेल्यावर पाठीमागून लाथ मारा.